यंदाची ओटी राहून गेली

१८ नोव्हेंबर २०१२

सगळं बदललं ते आज. शाहीरकाकांनी ढोलकी खाली ठेवली आणि रोशन म्हणाला, "यंदा ओटी भरल्यावर लुगडं सोडत नाही मी. असाच जाईन सौंदडले." मग थांबला, आणि नीट करून म्हणाला, "अशीच."

गावची मंडई, आमच्याकडची जत्रा. दिवाळीनंतर दर साली असते, दर साली दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, आणि चार साल झाले, दंडारीतली बाई रोशनच बनतो. शाहीरकाकांचा भाचा. सौंदडला शिलाईचं दुकान. खेळ संपला की बाई झालेल्या गड्याला पाटावर बसवून गावच्या बाया ओटी भरतात, नव्या तांदळाची. मग तो शाळेच्या भिंतीमागं जातो, पँट घालून येतो, चहा पितो. आजवर कोणी याहून जास्त विचार केला नाही.

मी केला. गेल्या मंडईपासून तेच करून राहिलो. पण मनाशी म्हणत होतो, सोंग आहे, सोंगावर जीव जडला, उतरेल.

तर रो. पाटावर बसलेला. माझी माय ताट घेऊन येऊन राहिली होती. गुड्डू पटले ओरडला, "अबे खेळ खतम! का घरूनच नेसून आली?" सगळे हसले. रो. शांतपणे म्हणाला, "हो. घरूनच."

पुढचं हसू निघायच्या आत मी गुड्डूच्या थोबाडावर दिली. ओठ फुटला त्याचा. पळापळ. बाया ताटं घेऊन मागं फिरल्या. पाट रिकामा.

रो. जाता जाता एवढंच, "तुले कोणी सांगतलं होतं?"

१९ नोव्हें.

फोन. मला वाटलं धन्यवाद म्हणेल.

"चार साल विचार करून मी एक उत्तर देल्लं होतं. सगळ्या गावासमोर. थे तू खाल्लं. आता गावाले तुयी थापड आठवते, मायं उत्तर नाही."

मी म्हटलं, गुड्डू नीच आहे. फोन कट.

संध्याकाळी शाहीरकाका दारात आले, आत आले नाहीत. "पुढच्या साली नागपूरवरून बाई आणू. खरी." खरी हा शब्द त्यांनी पायातल्या चपलेकडं पाहून म्हटला.

२३ नोव्हें.

गोंदियाला गाडी लावली होती. (मामाची काळीपिवळी. बी.ए. दुसऱ्या वर्षाला प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून कॉलेज सोडलं, तेव्हापासून गोरेगाव-गोंदिया, गोंदिया-गोरेगाव.) रो. आला. शर्ट-पँट, पण कानात बारीक काड्या. हातात पिशवी.

"नागपूरच्या दीदीनं देल्ले. आमच्यासारख्यांचं काम करते थे. तीन हायेत. एक झालं का दुसरं देईन. वाच, मंग बोल."

"मी काय परीक्षेले बसून राहिलो का?"

"बसलाच तर यंदा पेपर टाकून उठू नको."

पहिलं हिंदीत आहे. एका हिजड्याचं आत्मकथन. खाकी कव्हर घातलेलं, बारावीच्या गाइडसारखं.

२६ नोव्हें.

गाडी भरेपर्यंत स्टिअरिंगवर ठेवून वाचतो. पुढच्या सीटवरचा म्हातारा, "कायचं वाचून राहिला बावा?"

"स्पर्धा परीक्षा."

"कर कर. डायवरकीत काही नाही."

पुस्तकात सात वर्षांचं पोरगं बहिणीचा फ्रॉक घालतं आणि मार खातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतं. मार माहीत असून. मीही मार खाल्लाय लहानपणी, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करण्याएवढी कोणती गोष्ट लागली नव्हती मला. आत्तापर्यंत.

२ डिसें.

संपलं. शेवटाकडं एक माणूस येतो. तिच्यावर प्रेम करतो, तिच्या हातचं खातो, दोन वर्षं. मग घरचे मुलगी पाहतात आणि हा घोडीवर बसतो. तिला नाचायला बोलावतो स्वतःच्या वरातीत!! पुस्तक सीटखाली फेकलं. मग काढून पुसलं, कव्हरला ऑइल लागलं.

रो.ला मेसेज: हा माणूस हरामी आहे.

उत्तर: दुसरं घेऊन जा, वाच.

९ डिसें.

दुसरं मराठी मासिक. डॉक्टरचा लेख जड. शब्द दगडासारखे, तीनदा वाचले. पण त्यामागं मुलाखती आहेत, त्या सरळ. एक कारकून आहे, घरात साडी नेसतो, बायकोला ठाऊक. त्याला बाई व्हायचं नाही. नेसावं वाटतं, नेसतो, घडी करून ठेवतो, ऑफिसला जातो. आणि दुसरी एक आहे, तिला नेसायचं एवढंच नाही, ती बाईच आहे, पँट घालते ते तिचं सोंग.

मी दोघांना एकच धरत होतो. कोणाला सांगत नाही, पण रो.लाही त्यातच धरत होतो.

तिच्या बाबतीतही एक माणूस आहे. जातो. बदली झाली म्हणून.

११ डिसें.

शाहीरकाका गोंदियाला जायला नेमके माझ्याच गाडीत. पुढं बसले. त्यांनीही तरुणपणी बाईचंच काम केलं, सगळं गाव सांगतं. आता मिशा, चार पोरं.

विचारलं, "काका, लुगडं सोडताना कसं वाटे तुम्हाले?"

"कसं वाटन? सुटलो बाप्पा! काष्टा कचकचून आवळला राहे."

"आनं रोशनले?"

रेल्वेचं फाटक लागलं होतं. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान वर घिरट्या घालून राहिलं, ते पाहत बसले. मग, "थो रडे भिंतीमागं. पँट घालताना. मले आयकू ये."

"मंग?"

"मंग काय. मी ढोलकीची दोरी ताणत बसो."

उतरताना भाडं देऊ लागले, घेतलं नाही. रागानं की कशानं, माहीत नाही.

आजपासून ती. या वहीत तरी.

१६ डिसें.

मामा आणि बाबांनी परस्पर ठरवलं. पाहुणे येणार, १२ जाने. मुलीकडचे घर पाहायला. मुलगी डी.एड. झालेली. बाबा म्हणाले, "गावात नाव खराब झालं त्या दिवशी. लगन झालं का सारं झाकते."

मी ओरडलो. मामा म्हणाला, "आवाज खाली. गाडीची चाबी मायी हाय." खरं आहे. गाडी त्याची, घर बाबांचं, माझा फक्त आवाज.

२२ डिसें.

तिसरं. पातळ पुस्तिका, पिना मारलेली. घरच्या लोकांसाठी. रो. म्हणाली, "हे तुयासाठी नाही. तुया मायले वाचून दाखव."

माय अंगणात सूप घेऊन पाखडत होती. वाचायला लागलो. मूल असं असलं तर आई-बापांनी काय करावं, मारू नये, मांत्रिकाकडं नेऊ नये, देव अंगात आला समजू नये, आई रडते ते साहजिक आहे, वगैरे. मी भराभर वाचून राहिलो, भांडण वाचल्यासारखं.

माय म्हणाली, "हडू वाच. अना मले कायले आयकवून राहिला? रोशन माया पोट्टा थोडीच हाय."

"मायी हाय थे."

निघून गेलं तोंडातून. सूप थांबलं.

"कोण?"

"रोशनी."

कोंबडी सुपाशी आली तरी हाकलली नाही तिनं. मग, "चार साल ओटी भरली मी तिची."

माय 'तिची' म्हणाली. सवयीनं असेल. ओटी घेणाऱ्या बाईला तो कोण म्हणेल.

"पण थे सोंगाची ओटी होय रे. सोंगाची ओटी भरता येते. यंदाची तं तशीच राहून गेली, तुयाच्यानं."

"आता सोंग नाही म्हणते ती. पयलेही नव्हतं."

माय बराच वेळ पुस्तिकेच्या चित्राकडं पाहत होती. तिला वाचता येत नाही, पण बोट ठेवून ओळी मोजल्यासारखं केलं. "यात तिची माय हाय. बाप हाय. भाऊ हाय. जो पोट्टा तिच्यावर जीव टाकते, त्याची माय हाय का कुठी?"

मागून पुढून चाळलं. नाही.

"मंग मी काय करू, थे कोण लिवन?"

पुस्तिका मिटली. पहिल्यांदाच मला अशा प्रश्नाचा राग आला नाही.

३० डिसें.

सौंदडला गेलो. रो.च्या दुकानात मशीन गुंडाळून ठेवलेलं. १२ तारखेला चालली. दुपारच्या गाडीनं गोंदिया, तिथून नागपूर. दीदीच्या ओळखीनं काम मिळालंय, ब्लाउज शिवायचं, तिथं तिला रोशनीच म्हणतात.

"१२ लाच काऊन?"

"तिकीट त्या दिवशीचं हाय. काऊन, तुले काय हाय त्या दिवशी?"

सांगितलं. पाहुणे. ती हसली नाही, रडली नाही. कात्रीला तेल लावून राहिली होती, ते चालूच.

"वाचले ना तिन्ही?"

"वाचले. जिथं तिथं तो माणूस जातो. तिसऱ्यात तं येतच नाही."

"म्हणून तं देल्ले."

मला हे लागलं. मी म्हटलं, मला अजमावून राहिली का तू, मी तसला वाटलो का, मी सगळ्या गावात एकटा उभा राहिलो, वगैरे वगैरे. बाहेर येऊन गाडीच्या चाकाला लाथ मारली. अंगठा सुजला.

ती दारात. "चाक मामाचं हाय, जपून मार."

मग जवळ येऊन, "पाह्य. थापड मारणं सोपं हाय. थे एका मिनिटाचं राह्यते. मी तुले चल म्हणत नाही. नको येऊ बी म्हणत नाही. मी तिथं रोजची बाई राहीन, सकाळपासून. भाजी आणणारी. मंडईची नाही. थे चालन का तुले, थे पाह्य."

हो म्हणायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "आत्ता नको बोलू. तू रागात हायेस. रागात तू सगळ्याले हो म्हणतोस."

५ जाने. २०१३

गुड्डू पटले गाडीत बसला. ओठावर बारीक रेघ राहिली. मला वाटलं, भांडेल. तो म्हणे, "तुयं जमून राहिलं म्हणते लगन. बरं झालं बे. लोकं इसरतीन."

खांद्यावर हात ठेवला त्यानं. चांगुलपणानंच. हेच भयंकर वाटलं. त्या पुस्तकांतल्या माणसांना कोणी धक्का मारून काढलं नसणार. असंच खांद्यावर हात ठेवून, बरं झालं बे, म्हणत नेलं असणार.

९ जाने.

रोज सकाळी उठून बघतो, राग आहे का. आज नव्हता. भाजी आणणारी बाई डोळ्यासमोर आणून पाहिली, नागपुरात, पिशवी घेतलेली, लोक वळून पाहणारे, मी बाजूला. पहिल्यांदा भीती वाटली. कोणाला मारून ही भीती जाणार नाही, रोज मारणार किती जणांना. मग दुसऱ्यांदा पाहिलं. भीती होतीच. पिशवीही होती. पिशवीचा एक बंद माझ्या हातात होता.

मायशी २२ डिसें.पासून धड बोलणं नाही. जेवायला वाढते, नवा तांदूळ.

१२ जाने.

पाहुणे आले. पुढच्या खोलीत खुर्च्या भरल्या. मुलीचा बाप, मामा, काका, आणि एक काकू. मला मधल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसवलंय. बोलावलं की जायचं. बाबा बाहेर जमिनीचा हिशेब सांगून राहिले. माझा मामा मोठ्यानं हसतो आहे. गाडीची चाबी मी खुंटीला टांगली, त्याची त्याला दिसेल अशी. सौंदडला जाणारी एसटी फाट्यावरून मिळते, दुपारच्या गाडीआधी पोचते.

माय आत्ता आत आली. मला वाटलं, चल म्हणेल. मागच्या दाराजवळच्या फळीवर तिनं एक गाठोडं ठेवलं. हिरवा खण, तांदूळ, नारळ, वर हळदीची पुडी. ओटी.

पाहुण्यांत बाईमाणूस एकच, ती काकू. तिच्यासाठी असेल. रीत आहे, आलेल्या बाईला रिकामं पाठवत नाहीत. पण मग पुढच्या खोलीत न्यायची ना, मागच्या दाराशी कशाला.

विचारलं नाही. माय चहाचे कप घेऊन पुढं गेली, आणि जाताना मधला पडदा ओढून गेली.

बाबा हाक मारून राहिले. दुसऱ्यांदा.

राग आहे का पाहिलं. नाही.

वही गादीखाली ठेवतो. गाठोडं उचलतो. जड आहे, मायनं ओंजळी मोजल्या नाहीत. दार आवाज करतं, हळू लावायला पाहिजे. आजवर या घरातलं एकही दार मी आपटल्याशिवाय लावलं नाही.

लावतो.