इथे कोण झोपलंय?

अहो,

तुम्ही म्हणालात, समुद्रात काय बघायचंय. म्हणून मी लेकीबरोबर आले. अंदमानच्या या छोट्या बेटावरचं गाव फार शांत आहे. पहिल्याच सकाळी खोलीत लख्ख ऊन आलं आणि मी उठून सगळे पडदे ओढून घेतले. चहासुद्धा कुजबुजत मागितला. ऋता हसली. म्हणाली, "आई, इथे कोण झोपलंय?"

चाकणला तुमची कायम नाइट शिफ्ट. सकाळी येऊन तुम्ही झोपायचात आणि पिंपळे गुरवच्या आपल्या दोन खोल्यांत मी शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायचे. त्याची तक्रार नाही, घर त्या झोपेवरच चाललं. पण तुम्ही रिटायर झालात, तरी पडदे बंदच आहेत आणि मी अजून हळूच बोलते.

ऋताचा प्रश्न ऐकून मी पडदे उघडले, बाहेर गेले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून गायले. किनाऱ्यावरची माणसं वळून बघत होती, तरी कडवं पुरं केलं. आवाज अजून छान लागतो माझा.

हे पत्र टाकणार नाही. घरी आले की भर सकाळी पडदे उघडून तुम्हाला हेच सांगणार आहे, मोठ्याने.

तुमची,
नीलिमा