पणजीचा डबा

सर्जापूर रोड, बेंगळुरू

ती. सुचेताआत्या,

साष्टांग नमस्कार. (दादाच्या फ्लॅटात खराखुरा घालायचा तर पाय बाल्कनीत जातील, म्हणून कागदावरच.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचं चोरून गोड खाणं थांबलं का? इकडे अजितदादा आणि धनलक्ष्मीवहिनी मजेत आहेत.

मी म्युझियममध्ये इंटर्नशिपसाठी अर्ज करत सुटले होते, ते तुला माहीत आहेच. (दादाच्या मते इंटर्नशिप म्हणजे राबायचं नोकरासारखं आणि पगार घ्यायचा पाहुण्याइतका, म्हणजे शून्य. त्याला कोण विचारतंय?) बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. अखेर एका म्युझियमने मुलाखतीला बोलावलं, पण अट अशी की घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. मला आकाश ठेंगणं झालं. मी इकडे येताना तू दिलेला पितळी डबा होताच ना! वहिनीने त्यातले बेसनलाडू मोठ्या नाराजीने स्टीलच्या डब्यात हलवले आणि मी रिक्षात डबा मांडीवर घेऊन निघाले.

मुलाखतीला कावेरी मॅडम होत्या, मूळच्या बेळगावच्या. मी तुझी गोष्ट जशीच्या तशी सांगितली. पणजीच्या रुखवतातला डबा, कृष्णेला आलेला पूर, होडीत डबा पोटाशी धरून बसलेली नवी नवरी. (होडी डुलते ते मी हातांनी करूनही दाखवलं. तू सांगताना पूर दर दिवाळीला थोडा चढतो, तो मीही थोडा चढवला.) बाजूच्या बाईंनी डोळे पुसले. मॅडमनी मात्र डबा शांतपणे उलटा केला. आत्या, आपण डबा कायम वरून उघडतो, खाली कोण बघतं? बुडाला ठसठशीत नाव घातलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "हे सौ. कमला विठोजी कुडचीकर कोण की?"

आपल्या सात पिढ्यांत कुणी कुडचीकर नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मॅडम खूश! म्हणाल्या, पुराच्या गोष्टी सगळेच आणतात. एका घरचा डबा दुसऱ्या घरी कसा जातो, तेच तर आमचं काम. सोमवारपर्यंत खरी हकीकत शोधून आण, जागा तुझी. आत्या, मला ही जागा मनापासून हवी आहे. इतकं हवंसं आजवर काहीच वाटलं नव्हतं.

काकांना नमस्कार.

तुझी लाडकी,
निधी

ता. क. तेव्हा कुडचीकरांकडून आपल्याकडे फराळ आला होता का, आणि डबा परत करायचा राहिला का, एवढंच कळव. न विचारता उचलून आणलाच असशील तरी लाजू नकोस. म्युझियमवाल्यांना अशा वस्तूंची सवय असते.

ता. क. २ : हे सगळं ऐकल्यापासून वहिनी तिच्या लग्नात तू दिलेली 'आजीची' परात उलटी करून बघते म्हणतेय. मी सध्या परातीत कणीक मळायला घेतली आहे. पण किती वेळ मळणार? लवकर फोन कर.