इथून पुढे ऐकू नका

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यात दोन-दोन वि कशाला ते तू कधी सांगितलं नाहीस, पण तू मोठ्यांना लिहिताना टाकतेस म्हणून मीही टाकतो.

मी मजेत आहे. हॉटेलच्या लाँड्रीत आता मला चादरींच्या इस्त्रीच्या मशिनवर घातलंय. दोघांनी दोन टोकं धरायची, रोलरमध्ये सोडायची, पलीकडे घडी घालायची. माझा जोडीदार दिवसभर तोंड उघडत नाही आणि मला गप्प बसवत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणून कानात पॉडकास्ट लावतो. सिनेमावर बोलणारे दोघं आहेत. एकाला मी खरखऱ्या म्हणतो, दुसरीला हसरी. भीतीच्या सिनेमांवरून असे भांडतात की विचारू नकोस. मी त्यातला एकही पाहिलेला नाही. एकदा नुसतं पोस्टर पाहिलं तर जेवण गेलं नाही.

गंमत अशी की अर्ध्यावर खरखऱ्या सांगतो, ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांनी इथून पुढे ऐकू नका. मग मी बंद करतो. तेवढ्यापुरता जोडीदार बोलला, की ही सूचना पाळणारा त्याने पाहिलेला मी पहिलाच प्राणी. पण नको म्हटल्यावर कसं ऐकायचं? त्यामुळे मला चाळीस सिनेमे पाठ आहेत आणि शेवट एकाचाही नाही.

आता कामाचं. परवाच्या सिनेमात एक माणूस खूप वर्षांनी घरी येतो. बाप दार उघडतो आणि सांगतो की आम्हाला मुलगाच नाही. तो आत डोकावतो तर भिंतीवरच्या फोटोंत सगळे आहेत, फक्त हा नाही. इतक्यात सूचना आली. ताई, चादर हातातून सुटून रोलरमध्ये वाकडी गेली आणि सुपरवायझरने माझीच इस्त्री केली.

तेव्हापासून चैन नाही. मी दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा बाबा म्हणाले होते, हा माझा मुलगाच नव्हे. तीन वर्षं झाली. ते अजून तसंच म्हणतात का, असं मी विचारत नाहीये. तू फक्त सिनेमा बघ आणि बाप त्याला घरात घेतो की नाही ते कळव. पुढच्या महिन्यात रजा मिळण्यासारखी आहे, ती कुठे घालवायची ते ठरवायचंय.

आईला नमस्कार. बाबांना, बरं, राहू दे.

लोभ आहेच, आटू देऊ नकोस.
भिंगरी


१५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मास्तरांनी सतरांदा सांगून एक गोष्ट ऐकली नाहीस, आणि खरखऱ्याने एकदा सांगितलं तर लगेच कान मिटलेस! मास्तरांचा आवाज फार गोड होता, तिथेच चुकलं.

सिनेमा रविवारी दुपारी लावला. एकटीने बघायचा धीर होईना म्हणून आईला बसवलं. ती कसली घाबरते! तिचं एकच, की दारात उभ्या पोराला कुणी पाणी तरी विचारा, चौकशा नंतर करा. बाबा दुकानातली बाइंडिंगची पुस्तकं घेऊन कोपऱ्यात शिवत बसले होते, आम्ही काय थिल्लर बघतो म्हणून पुटपुटत. हळूहळू सुई थांबली. सिनेमातल्या बापाने दार लावून घेतलं तसे बाबा ओरडले, हा कसला बाप, स्वतःच्या पोराचं तोंड ओळखता येत नाही! मी आईकडे बघितलं. आई शांतपणे म्हणाली, की असतात काही काही.

बाबा उठून गॅलरीत गेले ते आलेच नाहीत. मग आम्हालाही पुढे बघवेना. तेव्हा शेवट मलाही माहीत नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी भिंतीकडे बघत मला विचारलं, लाँड्रीत रजा देतात का. मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. तर म्हणाले, पत्ता लिहून ठेव. तो पत्ता चार दिवस टेबलावर आहे. रोज उचलतात, चष्मा पुसतात, परत ठेवतात. हे त्यांच्याच्याने व्हायचं नाही रे. आता तूच लिही. मला नको, त्यांना.

रागावलास तरी चालेल, पण लिही.
तुझी ताई


२४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पाचव्यांदा लिहितोय. आधीची चार माझ्या जोडीदाराने वाचून नापास केली. हे त्याला दाखवणार नाही.

मला बारा दिवसांची रजा मिळाली आहे. पाच तारखेला सकाळच्या गाडीने येतो. घरी न जाता आधी दुकानात येईन, म्हणजे आईला मध्ये पडावं लागणार नाही. मिशी ठेवली आहे आणि वाफेत उभं राहून जरा वाळलोय, ते आधीच सांगून ठेवतो. बाकी शिकलो काहीच नाही.

तीन वर्षांचं जे साचलं असेल ते सगळं बोला. या वेळी मी उठून जाणार नाही. फक्त आधी ओळखा, मग रागवा.

आपलाच,
धाकटा