इंजिन बंद ठेवून शिकवलेली गाडी

परीक्षक खाली उतरून गाडी ढकलू लागले, तेव्हाच मला कळलं, ताई, की मावशी नापास झाली. (आधी नमस्कार लिहायचा असतो. नमस्कार. पाठ कशी आहे? भावजी अजून चहात साखर चोरून घालतात का?)

दोष कुणाचा ते तूच ठरव. इंधनावरचा कर तुझ्या खात्याने वाढवला आणि त्याची कारणं सांगणारं पत्रक तू लिहिलंस. ते मी ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर लावलं आहे. ‘इंधन महागलं की माणूस विचार करून गाडी काढेल आणि हवा सुधारेल.’ मी विचार केला. तेव्हापासून इंजिन बंद; एक शिकणारा स्टिअरिंग धरतो, बाकीचे ढकलतात. (मावशीच्या वेळी मीही हात लावतो. नात्यामुळे नव्हे, वजनामुळे.) हवा खरंच सुधारली. समोरचा शिंपी म्हणाला, “मास्तर, पांढरं कापड संध्याकाळपर्यंत पांढरं राहतं आता.”

मावशी वळणं शिकली, ब्रेक शिकली. बालवाडीतली तिची जागा गेली हे तुला ठाऊक आहेच. तिथली गाडी चालवायचं काम मिळालं तरच ती पोरं तिला रोज दिसणार, आणि त्यासाठी या आठवड्यात परवाना हवा. ती परीक्षेला बसली. पट्टा लावला, आरसा पाहिला, हँडब्रेक सोडला आणि मायेने म्हणाली, “चला, उतरा बघू. लावा जोर.” बावीस वर्षं बालवाडी सांभाळलेल्या बाईचा तो आवाज. परीक्षक उतरले. अख्खी फेरी झाली. एक चूक नाही. मग घाम पुसत त्यांनी नापास लिहिलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “अहो, गाडी कुठे चालली? मी चाललो!”

उद्या सकाळी तिला पुन्हा परीक्षेला बोलावलं आहे. घरच्यांना सांभाळ, स्वतःलाही.

तुझा धाकटा

ता. क. कर कमी कर असं मी म्हणणार नाही. पत्रक बरोबर आहे. मी ते जरा जास्तच पाळलं.

ता. क. आणखी एक. खरं काम हे: आज संध्याकाळी ये आणि इंजिन चालू ठेवून तिला तासभर गाडीत बसव. इंजिनाचा आवाज झाला की ती स्टिअरिंग सोडून कान झाकते. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

ता. क. सकाळ. पत्र काल तुझ्या दारात टाकायचं राहूनच गेलं. पहाटे मीच किल्ली फिरवली आणि तिला गल्लीत चार फेऱ्या मारायला लावल्या. ती पास झाली. आता गाडी दारात उभी आहे, इंजिन चालू. मावशी आत बसून आहे. “बंद कर गं,” म्हटलं, तर म्हणते, “थांब रे, ऐकू दे जरा.”