डावा खांदा

विसराळू लेकीस आशीर्वाद.

आईला विसरलीस ते एक वेळ चाललं, पण जाताना गरम पाण्याच्या पिशवीचं बूच कशाला घेऊन गेलीस? आता तव्यावर फडकं गरम करून तुझ्या लेकीचा खांदा शेकते. होय, हे पत्र तीच लिहितेय. म्हणते, "आजी, हे आईला कळवायचं नाही." मी म्हटलं, "तू लिही तर खरं. टाकायचं की नाही, ते मागाहून बघू."

ती शिकवते त्या विशेष मुलांच्या शाळेत चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा आहे. आपल्या डाव्या खांद्याला धरून उठायला त्याला तिनंच शिकवलं. वर्ष गेलं त्यात. तेव्हा तो काडीपैलवान होता. आता तिच्याहून जड झालाय, आणि तिचा तो हात वेणी घालण्याइतकाही वर जात नाही. तिनं उजवा खांदा पुढे केला, की पोरगा हात मागे घेतो आणि बसून राहतो.

डॉक्टर म्हणतात, उचलणं बंद करा. ही म्हणते, "मग त्याला उठवणार कोण?" ना रडते, ना चिडते. भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. मला तेच बरं वाटत नाही.

तिची वेणी आता मी घालते. माझी बोटं वाकडी, म्हणून वेणीही वाकडी.

हे पत्र ती टाकायची नाही, ठाऊक आहे मला. तरी सांगून ठेवते. या घरात आता दोन म्हाताऱ्या आहेत, तेव्हा अक्रोड पाठवशील ते फोडून पाठव.

तुझी आई