आपापल्या गतीनं

मंगळवार, संध्याकाळ

अंगणवाडी सेविकांना मी देते त्या प्रशिक्षणाचा आज पहिला दिवस. जेवणाच्या सुट्टीत पेठ वडगावकडच्या शालनताई त्यांच्या अंगणवाडीतल्या गौरीला दाखवायला घेऊन आल्या. सोबत तिची आई. पोरगी साडेचार वर्षांची, अंगणवाडीत येऊन दोन वर्षं झाली, पण अजून एक शब्द बोलत नाही. मी तिच्या पाठीमागे डब्याचं झाकण जोरात आपटलं. सगळा हॉल वळून बघायला लागला. गौरी भडंगातले शेंगदाणे वेचून खात राहिली.

"दोन वर्षं थांबलात कशाला?" माझा आवाज चढला.

"तुमीच सांगितलंसा की, मॅडम! आयांना घाबरवायचं न्हाय, पोर आपापल्या गतीनं शिकतंय. हिच्या सासूलाबी मी गप केलं. मुकी म्हणायचं न्हाय म्हटलं."

आईनं मान हलवली. "व्हय, ताईंनी लई धीर दिला."

सांगितलं होतं मी, दोन वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात. शंका आली तर लगेच तपासणीला पाठवा, हेही सांगितलं होतं ना? बहुतेक शेवटच्या तासाला, सगळ्यांना एसटी गाठायची घाई असताना. की राहूनच गेलं?

ते झाकण सारखं आठवतंय. शालनताईंनी ऐकलं नसतं तर रागावता तरी आलं असतं. त्यांनी माझा शब्द न् शब्द पाळला. आता कानाला यंत्र मिळेलही, पण भाषा शिकायची ही वर्षं कुठून आणायची?

निघताना आईनं विचारलं, "आता बोलंल न्हवं, मॅडम?"

माझ्याआधी शालनताईच म्हणाल्या, "बोलंल की! मॅडम हायत न्हवं."

मी फक्त तपासणीची चिठ्ठी लिहून आईच्या हातात ठेवली.