वडगावला झोपून गेली ती

तीर्थरूप धोंडुआत्यास, कळंब्याच्या अभ्यासिकेतून अनुजाचा साष्टांग नमस्कार. (बसल्या जागेवरूनच घातलाय, गोड मानून घे. उठलं की खुर्ची जाते.) तुझे गुडघे कसे आहेत? रेडकू आता चाऱ्याला तोंड लावतं का? मी इकडे मजेत आहे, म्हणजे परवा तुझा फोन येईपर्यंत होते. फोनवर नीट बोलता आलं नाही, कारण अभ्यासिकेत बोलायला बंदी, आणि बाहेर जाऊन बोलावं तर पुन्हा तोच खुर्चीचा प्रश्न. म्हणून पत्र.

तू म्हणालीस, "शनवारी आलीस, दोन घास खाल्लंस आन् रविवारी दिवस मावळंस्तोवर झोपलीस. डोक्याला त्याल लावलं, येणी घातली, तरी जागी झाली न्हाईस. बरं वाटलं बग." आत्या, ऐकून मलाही बरं वाटलं. फक्त मी आले नव्हते. गेल्या तीन महिन्यांत मी पेठ वडगावची एसटी लांबूनसुद्धा पाहिलेली नाही.

आमच्याकडची रीत तुला सांगायला हवी. इथे अर्ध्या तासाहून जास्त वेळ खुर्ची रिकामी दिसली तर ती दुसऱ्याला मिळते. म्हणून चहाला किंवा आंघोळीला जाताना प्रत्येक जण खुर्चीवर काहीतरी ठेवून जातो. कोणी बाटली, कोणी वही. मी जरा नीटनेटकी (तुझ्याच हाताखाली वाढले). पाठीला जाडा स्वेटर, त्यावर ओढणी, मांडीच्या जागी सॅक, समोर उघडं पुस्तक आणि त्यावर टोपण काढलेलं पेन. मागून पाहिलं तर मान खाली घालून मीच बसलेय असं वाटतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या शिवांजलीने एकदा चुकून त्या स्वेटरकडे खोडरबर मागितला. (मिळाला, असं ती म्हणते. मी तो विषय वाढवला नाही.)

तर तुझा फोन ठेवला आणि अभ्यासिका सांभाळणाऱ्या जोतीरामकाकांकडची हजेरीवही पाहिली. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस माझी सही. काकांना विचारलं, मी इथेच होते ना? ते म्हणाले, "व्हय की. शनवारपासनं हललीच न्हाईस. च्या बी न्हाई प्यालीस. दोनदा हाक मारली, मान सुदीक वर केली न्हाईस." मी आणि दोन दिवस चहाशिवाय? मी तडक जागेवर जाऊन माझी वही ओढली.

वही उघडली तर राज्यघटनेच्या चाळीस पानांच्या नोट्स. अक्षर माझंच, पण सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. मला त्या दोन दिवसांतलं काहीच आठवत नाही (ना तुझ्या हातचं जेवण, ना राज्यघटना). म्हणजे एक तर मी तुझ्याकडे येऊन झोपले आणि इथे स्वेटरने अभ्यास केला, नाही तर मी अभ्यास केला आणि तुझ्याकडे भलतंच कोणी जेवून गेलं. डोकं चालेना, म्हणून तोंड धुवायला बेसिनपाशी गेले. आरशात पाहिलं तर माझी वेणी चापूनचोपून घातलेली होती, तू घालतेस तशी, कान ओढले जातील अशी. तेलाचा वासही येत होता.

दमल्यावर असं होतं म्हणे. शिवांजली सांगत होती, रोज सात तास झोप, थोडं चालणं, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. तिचं बरोबर आहे, पण परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि झोप काय, नंतरही घेता येईल. तू काळजी करू नकोस. मला कशाचीही गरज नाही. आप्पांना नमस्कार, रेडकाला चारा.

तुझी,
अनुजा

ता. क. : बसल्या जागेवरून नमस्कार घातला असं वर लिहिलंय, ते जिन्यावर बसून. तोंड धुऊन परत आले तेव्हा खुर्चीतली उठली नाही. पान उलटलं आणि पुढे वाचायला लागली.

आणखी एक : ती अभ्यास माझ्यापेक्षा बरा करते, तिला करू दे. मी फार दमलेय आत्या, आणि मला भीती वाटते. या शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. मी आधीच येऊन झोपलेली असले तर उठवू नकोस. शेजारी अजून एक अंथरूण घाल.